नाशिकमध्ये आफ्रिकन कलेची गॅलरी चालवायची तर

आफ्रिकन कलेची गॅलरी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भिंतीभर लावलेले काळे लाकडी मुखवटे येतात. अशी भिंत नाशिकमध्ये महिन्याभरात उभी राहू शकते. क्युरिओच्या दुकानांत आणि ऑनलाइन लिलावांत माल हवा तेवढा मिळतो. पण ती गॅलरी नव्हे. वस्तू कोणी घडवली, कुठे, कशासाठी, आणि कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली हे ज्याला कागदावर दाखवता येतं, त्यालाच ती लोकांपुढे मांडायचा हक्क पोचतो, असं आमचं ठाम मत आहे. खाली लिहिलंय ते सगळं या मताला धरून आहे.

आधी मुलूख निवडा

आफ्रिका ५४ देशांचा खंड आहे. 'सगळी आफ्रिका' दाखवायला गेलात तर कशातच खोलात जाता येणार नाही. एक मुलूख धरा आणि पहिली पाच वर्षं त्याच्या बाहेर जाऊ नका.

नाशिकच्या माणसाला पूर्व आफ्रिका जवळची आहे, आणि त्याला कारण इथलं शरणपूर. हिंदी महासागरात गुलामांची जहाजं पकडून ब्रिटिश नौदलाने सोडवलेल्या आफ्रिकन मुलांपैकी अनेकांना एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत ठेवलं गेलं. तिथे त्यांना लिहिणं-वाचणं आणि सुतारकी-लोहारकीसारखे हुन्नर शिकवले. पूर्व आफ्रिकेतल्या याओ समाजातला जेकब वेनराइट हा इथलाच विद्यार्थी. १८७३ मध्ये आजच्या झांबियात डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचा मृत्यू झाला तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते वेनराइटने. पुढे १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीतही तो होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसलं, त्यात नाशिकहून गेलेली माणसं होती. जवळच्या रबाईतही ती स्थिरावली. 'आफ्रिकेचा आणि आपला काय संबंध?' हा प्रश्न पहिल्या दिवसापासून येणार. त्याचं उत्तर गॅलरीच्या दारातच, शरणपूरच्या नकाशासह लावा.

मुलूख ठरला की वस्तू आपोआप ठरतात. टांझानिया-मोझांबिक सीमेवरच्या माकोंदे समाजाचं कोरीवकाम. एडवर्ड सैदी टिंगाटिंगाने १९६८ च्या सुमारास दार-एस-सलाममध्ये सुरू केलेली, हार्डबोर्डवर इनॅमल रंगात काढलेली चित्रं. स्वाहिली म्हणी छापलेली कांगा नावाची कापडं. एवढ्यावर पहिली दोन-तीन वर्षं सहज निघतात. पहिल्या प्रदर्शनात १२ ते १५ वस्तू पुरे. ४० वस्तू मांडल्यात तर लोक चालत जातात, थांबत नाहीत.

काय घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही

सुरुवात हयात कलावंतांपासून करा. त्यांच्याशी थेट लेखी करार होतो, कामाच्या मालकीचा वाद राहत नाही आणि पैसा जिथे जायला हवा तिथे जातो. करारात या गोष्टी हव्यातच: वस्तू किती महिने तुमच्याकडे राहणार (६ ते १२ ठीक), जाण्या-येण्याचा खर्च आणि विमा कोणाचा, गॅलरीचा हिस्सा किती (जगभर ४० ते ५० टक्के चालतो), सूट दिली तर ती कोणाच्या वाट्यातून, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, आणि वस्तू फुटली तर कोणत्या किमतीने भरपाई. सुटीचं कलम लोक विसरतात आणि पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाबरोबरच भांडण उभं राहतं.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत काही दारं बंदच ठेवा. नोक आणि इफेची टेराकोटा (भाजलेल्या मातीची शिल्पं), जेन्ने परिसरातली मातीची शिल्पं, एसीएच्या दगडी मूर्ती, बुरा आणि साओ टेराकोटा या गोष्टी आयकॉमच्या (संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या) आफ्रिकेसाठीच्या धोक्याच्या यादीत आहेत. त्यांतलं बरंचसं चोरट्या खोदकामातून बाहेर येतं. बेनिनच्या (आजच्या नायजेरियातल्या जुन्या राज्याच्या) राजवाड्यातून १८९७ च्या ब्रिटिश स्वारीत लुटलेल्या पितळी वस्तू आता परत जाऊ लागल्या आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये मालकी नायजेरियाकडे सोपवायला सुरुवात केली. पूर्व आफ्रिकेतलं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे विगांगो. मोंबासा किनाऱ्यामागच्या मिजिकेंडा लोकांचे हे मृतांच्या स्मरणार्थ रोवलेले कोरीव लाकडी खांब. ते जागेवरच उभे राहायचे असतात. उपटून नेले की घरावर संकट येतं अशी त्या घरांची श्रद्धा आहे. विसाव्या शतकात ते शेकड्यांनी चोरून विकले गेले आणि आता अमेरिकेतली संग्रहालयं परत पाठवत आहेत. रबाई हे याच मिजिकेंडांपैकी एक. नाशिकच्या माणसांना ज्यांनी शेजार दिला, त्यांच्या मृतांच्या आठवणीचा खांब नाशिकच्या गॅलरीत असता कामा नये. कितीही सुंदर असो, कितीही स्वस्त असो.

जुनी वस्तू घ्यायचीच तर तीन कागद मागा: मूळ देशातून बाहेर पडल्याचा परवाना किंवा १९७० च्या आधी ती बाहेर होती याचा पुरावा (युनेस्कोच्या करारामुळे हे वर्ष सीमारेषा मानलं जातं), आधीच्या मालकांची साखळी, आणि विक्रेत्याचं सही-शिक्क्याचं बिल. केनियात परवान्याची चौकशी नॅशनल म्युझियम्स ऑफ केनियाकडे करावी लागते, नायजेरियात राष्ट्रीय संग्रहालय आयोगाकडे. 'एका जुन्या युरोपियन संग्रहातून' एवढंच लिहिलेलं बिल म्हणजे काहीच नाही.

भारतातला कायदाही ध्यानात घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांची अट आहे, वस्तू कुठल्या देशातली ही अट नाही. म्हणजे शंभरी ओलांडलेला मुखवटा एकदा भारतात आला की त्याच्या धंद्याला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागू शकतो आणि तो परत परदेशी पाठवणं खासगी माणसाला अवघड होऊन बसतं. उसना आणणार असाल तर आणण्याआधीच सल्ला घ्या.

खरं-खोटं ओळखताना

मुखवटा हातात आला की आधी उलटा करा. समोरून सगळेच सुंदर असतात. आतल्या बाजूला कपाळ, गालाची हाडं आणि हनुवटी टेकते तिथेच लाकूड गुळगुळीत आणि घामाने काळपट व्हायला हवं. सगळा आतला भाग सारखाच काळा असेल तर तो काळा केलेला आहे. कडेच्या भोकांतून दोरी किंवा कापड बांधलेलं असतं. दोरी ज्या दिशेला ओढली जाते त्याच बाजूला भोक झिजतं. ड्रिलने पाडलेलं गोल, चौफेर सारखं भोक दिसलं की सावध व्हा. डोळ्यांच्या फटीतून स्वतः बघून पाहा. काही मुखवट्यांत नर्तक तोंडाच्या किंवा नाकाच्या भोकातून बघतो, हे खरं. पण कुठूनच दिसत नसेल आणि डोक्यावर बांधायची सोयही नसेल तर तो नाचवण्यासाठी बनलेला नाही.

माकोंदे शिल्पाची परीक्षा वेगळी. ते म्पिंगो नावाच्या लाकडात कोरतात. हे आपल्या शिसवाच्याच कुळातलं झाड, पण इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. ३० सेंमी उंच आणि १० बाय १० सेंमी जाडीचा भरीव ठोकळा साडेतीन किलोच्या आसपास भरतो. हलक्या लाकडाला बूट पॉलिश फासून काळं केलेला दीड-दोन किलोच. बुडाशी, न दिसणाऱ्या जागी, व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा. बोळा काळा झाला तर रंग चढवलेला आहे. कडेला फिकट पिवळसर पट्टा दिसला तर घाबरू नका. ते त्याच झाडाचं बाहेरचं लाकूड, आणि बरेच कारागीर ते मुद्दाम राखतात.

आणताना

व्यापारासाठी आयात करायची तर आयईसी (आयात-निर्यात कोड) नंबर लागतो. तो डीजीएफटीकडून (परकीय व्यापार महासंचालनालयाकडून) ऑनलाइन मिळतो. न्हावा शेवा किंवा मुंबई विमानतळावर माल सोडवायला कलावस्तूंची सवय असलेला क्लिअरिंग एजंट धरा. बिलावर 'हँडिक्राफ्ट' असं मोघम लिहून आलेली पेटी हमखास उघडली जाते. प्रत्येक वस्तूचं नाव, साहित्य, लाकडाची जात, वर्ष, माप आणि किंमत वेगळी लिहायला सांगा.

म्पिंगोसह डालबर्जिया कुळातली झाडं साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वस्तूंना एका खेपेत त्या लाकडाचं वजन १० किलोपर्यंत असेल तर सूट मिळते, वर गेलं की निर्यात करणाऱ्या देशाचा साइट्स परवाना हवा. चार मध्यम शिल्पांत १० किलो पार होतात, म्हणून खेपा आधीच आखा. हस्तिदंत, बिबट्याचं कातडं किंवा दात, माकडाची लव असलं काहीही लावलेली वस्तू घेऊच नका. पॅकिंगच्या लाकडी खोक्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा. कीड मरावी म्हणून खोक्याच्या लाकडावर प्रक्रिया, बहुधा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवणं, झाल्याची ती खूण. शिक्का नसेल तर माल बंदरात अडकतो आणि भाडं चढत राहतं.

आता नाशिकपुरती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: माल पावसाळ्यात आणा. मोंबासा किंवा दार-एस-सलामच्या दमट किनाऱ्यावरचं लाकूड ओलावा धरून असतं. ते एप्रिलमध्ये नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात आलं तर बाहेरचा थर आधी आकसतो, गाभा तसाच राहतो, आणि आठवड्याभरात उभी भेग जाते. जुलै ते सप्टेंबरमध्ये आलेलं लाकूड हिवाळ्याकडे जाताना हळूहळू वाळतं. खोकं आल्या आल्या उघडायचं नाही. हॉलमध्ये दोन दिवस बंद ठेवा, मग झाकण सैल करा, आणि वेष्टन दोन-तीन आठवड्यांत थोडंथोडं काढा.

टिंगाटिंगा चित्रांसाठी एक सूचना. इनॅमलचा थर उन्हाळ्यात मऊ पडतो आणि बबल रॅपचे गोल ठसे त्यावर कायमचे उमटतात. रंगाला लागून सिलिकॉन लावलेला कागद, मग पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेर.

कीड

नवीन आलेली प्रत्येक लाकडी वस्तू, कितीही स्वच्छ दिसो, बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत किमान सहा आठवडे ठेवा. खाली काळा कागद अंथरा. लाकूड पोखरणारा भुंगा आत जिवंत असेल तर कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडतो. भोकं पाहून नुसतं घाबरू नका: जुन्या भोकाच्या कडा बोथट आणि आतून मळलेल्या असतात, ताज्या भोकाच्या कडा धारदार आणि आतलं लाकूड फिकट असतं.

भुसा पडला तर औषध फवारू नका. त्याने रंगाचा आणि जुन्या थराचा सत्यानाश होतो. आइस्क्रीमवाले वापरतात तसला आडवा डीप फ्रीझर घ्या. वस्तू सुती कापडात गुंडाळा, वर पॉलिथिनची पिशवी, हवा दाबून काढा, टेपने पक्की बंद करा. उणे २० अंशांवर १४ दिवस. फ्रीझरच्या काट्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. बरेच फ्रीझर उणे १५ च्या पुढे जातच नाहीत आणि मग अळ्या मरत नाहीत. मध्ये बराच वेळ वीज गेली तर दिवस पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थेट लाकडावर बसते. जाड रंगाचा थर असलेली किंवा वेगवेगळी साहित्यं घट्ट जोडलेली वस्तू मात्र फ्रीझरमध्ये घालू नये. तिथे प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या घालून हवाबंद पिशवीत तीन-चार आठवडे ठेवायची पद्धत वापरतात. ते काम संवर्धकाकडून, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडून, करून घ्या.

जुन्या संग्रहातल्या वस्तूंवर पूर्वी आर्सेनिक किंवा डीडीटी मारलेलं असू शकतं. नायट्राइल हातमोजे घाला आणि शाळेच्या मुलांच्या हातात असली वस्तू देऊ नका.

हॉल, उजेड, हवा

सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हे पुस्तकी लक्ष्य. नाशिकमध्ये ते वर्षभर गाठायचं तर विजेचं बिल गॅलरी बुडवेल. त्यापेक्षा चढउतार रोखा: २४ तासांत १० टक्क्यांहून जास्त फरक पडू देऊ नका. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार लाकडाला सगळ्यात घातक. एप्रिल-मेमध्ये घराघरांत लागणारा वॉटर कूलर हॉलमध्ये अजिबात नको, तो तासाभरात ओलावा वर चढवतो. जाड भिंतींचा, पश्चिमेला खिडकी नसलेला तळमजल्यावरचा हॉल मिळाला तर निम्मं काम झालं. दोन डिजिटल हायग्रोमीटर लावा, एक हॉलमध्ये आणि एक काचपेटीत, आणि आकडे रोज लिहा.

उजेड कापडाला ५० लक्स (उजेडाचं माप), लाकडाला १५० ते २०० लक्स. धातू आणि दगडाला तेवढी भीती नाही. ३००० केल्विनचे (उबदार रंगाचे), ९० हून जास्त सीआरआयचे (रंग खरे दाखवण्याचं माप) एलईडी घ्या.

मुखवट्यासाठी स्टँड सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतल्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडून होतो. ६ मिमीची सळई, चेहऱ्याच्या आतल्या वळणाप्रमाणे वाकवलेली, टेकण्याच्या तीन जागी पॉलिथिन फोम. वजन कपाळाच्या आतल्या बाजूला पडलं पाहिजे, मूळच्या भोकांवर कधीच नाही. मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर ठेवा, म्हणजे मुखवटा माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला येतो. ताज्या प्लायवूड किंवा एमडीएफच्या पेटीतून आम्ल वायू सुटतात. रंग मारून तीन-चार आठवडे उघडी ठेवल्याशिवाय आत काही ठेवू नका. झिंबाब्वेचं दगडी शिल्प आणणार असाल तर ३० सेंमीचा घन ७० किलोच्या पुढे जातो हे धरून चौथरा बांधा.

साफसफाई म्हणजे मऊ ब्रश आणि लांब धरलेला व्हॅक्यूम, बस्स. लाकडाला तेल, वॉर्निश, मेण काही नाही. पामतेल, धान्याची पेज, पूजेचे थर हे घाण नाहीत, तोच त्या वस्तूचा इतिहास आहे. पितळेला चिंच, लिंबू, पितांबरी लावायची आपल्याकडे हातालाच सवय आहे. सफाई करणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी हे नीट समजावून सांगा. पितळेवर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर वस्तू लगेच वेगळी करा आणि सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. हा क्लोराइडचा रोग ओलाव्यावर वाढतो. ४० टक्क्यांखाली तो मंदावतो, आणि पुढचं काम संवर्धकाचं.

लोकांना सांगायचं कसं

पाटीवर 'आदिवासी मुखवटा, आफ्रिका' असं लिहिणं म्हणजे मांडलेल्या वस्तूचा अपमान आहे. समाज, गाव किंवा प्रांत, देश, कारागिराचं नाव (कळत नसेल तर 'कारागिराचं नाव नोंदलेलं नाही' असं स्पष्ट), लाकूड, काळ, वापर आणि गॅलरीकडे कशी आली, एवढं मराठीत ६० ते ८० शब्दांत बसतं. शेवटची ओळ कधीही गाळू नका.

नाशिकच्या प्रेक्षकाला मुखवटा समजावणं सोपं आहे, कारण त्याच्या जिल्ह्यात बोहाडा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवर देवादिकांची सोंगं वाजंत्रीच्या तालावर नाचतात. तिथे कोणीही सोंगाला भिंतीची शोभा म्हणत नाही. माकोंदेंचा मापिको मुखवटाही अंगभर कापड, ढोल आणि नाच यांच्यासकटच पुरा होतो. म्हणून मुखवट्याशेजारी नाचाचा व्हिडिओ आवाजासकट लावा, आणि परवानगी घेऊनच लावा. बोहाड्याची सोंगं घडवणाऱ्या कारागिरांना बोलवून त्यांच्याकडून माकोंदे कामावर बोलतं करा. हत्यार कुठे फिरलंय, लाकूड ओलं असताना कोरलं की वाळल्यावर, हे ते जे सांगतात ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतं. मानधन द्या, बाकीच्या वक्त्यांइतकंच.

पैसा आणि पुढची पिढी

शिल्पं वर्षातून मोजकी विकली जातात. भाडं निघतं ते लहान गोष्टींवर. नैरोबीत जोसेफ मुरुंबी आणि ॲलन डोनोव्हन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकन हेरिटेज ही गॅलरी काढली तेव्हा शिल्पांबरोबर दागिने, कापड, फॅशन शो, संगीत असं सगळं एकत्र चालवलं, आणि त्यावर कारागिरांची कामं वर्षानुवर्षं चालू राहिली. मुरुंबी केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष. वडील गोव्याचे, आई मसाई, शाळा दक्षिण भारतात. १९६६ मध्ये पद सोडलं आणि पुढे संग्रहात मन घातलं. नाशिकमध्ये कांगा, मणी, पोस्टकार्ड, कार्यशाळा यांवर महिन्याचा खर्च काढा. शिल्पविक्रीतला पैसा पुढच्या खरेदीला आणि संवर्धनाला राखून ठेवा. दोन्हींची खाती वेगळी असू द्या.

मुरुंबींचा संग्रह आज नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि नैरोबी गॅलरीत लोकांना पाहता येतो. पण त्यांचं नैरोबीच्या मुथैगा भागातलं घर, जिथे आफ्रिकी अभ्यासाची संस्था व्हावी अशी त्यांची इच्छा होती, ते पाडलं गेलं. संग्रहाचं आणि जागेचं पुढे काय, ते कोण सांभाळणार, हे पक्कं बांधलेलं नसेल तर असं होऊ शकतं. म्हणून गॅलरीला दहा वर्षं व्हायच्या आत संग्रह धंद्यातून वेगळा काढून सार्वजनिक न्यासाच्या नावे करा. धर्मादाय आयुक्तांचं विभागीय कार्यालय नाशिकमध्येच आहे. न्यासपत्रात तीन कलमं लिहून घ्या: संग्रहातली वस्तू खर्चासाठी विकता येणार नाही, मूळ समाजाने पुराव्यासह मागितलेली वस्तू परत दिली जाईल, आणि न्यास मोडला तर संग्रह कोणत्या संग्रहालयाकडे जाईल त्याचं नाव. त्या संग्रहालयाचं लेखी संमतीपत्र न्यासपत्राला जोडा.

नोंदवहीचंही तसंच. प्रत्येक वस्तूला वर्ष आणि अनुक्रमांक असा नंबर द्या. सहा बाजूंनी आणि आतून मोजपट्टीसह फोटो काढा. बिलं, परवाने, पत्रं त्याच नंबरखाली लावा. लाकडावर नंबर थेट लिहू नका, सुती फितीवर लिहून बांधा. कापडाला फीत दोन टाक्यांनी शिवा. वहीची एक छापील प्रत गॅलरीबाहेर दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि दर दिवाळीला दोन जणांनी मिळून वस्तू आणि वही ताडून पाहा: एकाने वही वाचायची, दुसऱ्याने वस्तूवरचा नंबर.